छोट्या कंपन्यांच्या विसरल्या गेलेल्या रिदम अँड ब्लूज तबकड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिदम अँड ब्लूज म्हणजे नेमके कोणते संगीत?

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतमळे सोडून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस अशा शहरांत पोटापाण्यासाठी आली. त्यांच्याबरोबर आलेले गावाकडचे ब्लूज (कृष्णवर्णीयांची व्यथा सांगणारी गाणी), चर्चमध्ये लहानपणापासून घोटून तयार झालेले गळे आणि शहरी नाचघरांतील वाद्यवृंद यांच्या मिलाफातून हे संगीत घडले. पुढे रेटत नेणारा ठेका, घुमणारा बेस, किंचाळल्यासारखा वाजणारा सॅक्सोफोन आणि या सर्वांच्या वर, प्रत्येक शब्द समोरच्या माणसाला उद्देशून म्हणणारा गायक किंवा गायिका, असे त्याचे ढोबळ रूप सांगता येईल.

नाव मात्र बाजाराने दिले. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये खपणाऱ्या तबकड्यांची यादी १९४२ मध्ये 'हार्लेम हिट परेड' म्हणून सुरू केली आणि १९४५ पासून ती 'रेस रेकॉर्ड्‌स' म्हणून छापली. जून १९४९ मध्ये, तेव्हा तेथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलर यांच्या सूचनेनुसार, तिला 'रिदम अँड ब्लूज' हे नाव मिळाले आणि ते रुळले.

'सिंगल' कशाला म्हणायचे?

दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीला. आधी ही तबकडी १० इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि लाखेची असे. मार्च १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने मधोमध मोठे भोक असलेली, ४५ फेऱ्यांची, ७ इंची तबकडी बाजारात आणली आणि पुढची आठ-दहा वर्षे अनेक गाणी दोन्ही आकारांत निघत राहिली. अमेरिकेत १९५० चे दशक संपता संपता ७८ ची तबकडी मागे पडली. भारतात मात्र ती बराच काळ टिकली; कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १९६० च्या दशकातही बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापली जात होती.

छोट्या कंपन्या नेमक्या त्याच काळात का निघाल्या?

याची तीन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यांतले पहिले थेट आपल्या मातीतून निघते. ७८ च्या तबकडीला लागणारी लाख प्रामुख्याने भारतातून जात असे. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांपासून ती मिळवली जाई. विदर्भाच्या पूर्व टोकाला गोंदियाच्या परिसरातही हा व्यवसाय जुना आहे. जपान युद्धात उतरल्यावर सागरी वाहतूक धोक्यात आली, शिवाय लाख युद्धसामग्रीसाठीही हवी होती. त्यामुळे एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी वापरायच्या लाखेवर कडक मर्यादा घातली आणि कंपन्यांच्या वाट्याला आदल्या वर्षीच्या वापराच्या जेमतेम ३० टक्के माल आला. जी काही लाख हाती होती ती मोठ्या कंपन्यांनी सर्वाधिक खपाच्या गोऱ्या गायकांसाठी राखली, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी निघणाऱ्या तबकड्या सर्वांत आधी कापल्या गेल्या.

दुसरे कारण संपाचे. वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेका कंपनीने १९४३ च्या सप्टेंबरात तडजोड केली, पण आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ पर्यंत ताणून धरले. मधल्या काळात संघटनेच्या अटी मान्य करून काम सुरू करणाऱ्या नव्या, लहान कंपन्यांना मोकळे रान मिळाले.

तिसरे कारण ज्यूकबॉक्सचे, म्हणजे नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजवणाऱ्या यंत्राचे. युद्धकाळात कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांच्या हातात प्रथमच थोडे पैसे खुळखुळू लागले होते आणि त्यांच्या वस्त्यांतील खानावळी, गुत्ते, केशकर्तनालये येथील यंत्रांना दर आठवड्याला नव्या तबकड्या लागत होत्या. मागणी होती, पण मोठे पुरवठादार पाठ फिरवून बसले होते. ही पोकळी भरायला सिनसिनाटीत किंग, लॉस एंजेलिसमध्ये मॉडर्न, स्पेशल्टी आणि इम्पीरियल, न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक, शिकागोत प्रथम अ‍ॅरिस्टोक्रॅट व १९५० पासून चेस, ह्यूस्टनमध्ये पीकॉक अशा कंपन्या उभ्या राहिल्या. ही पुढे नावारूपाला आलेली नावे झाली. त्यांच्या सावलीत अक्षरशः शेकडो अशा कंपन्या होत्या की ज्यांनी पाच-दहा तबकड्या काढल्या आणि गाशा गुंडाळला.

या कंपन्या चालवणारी माणसे कोण होती?

संगीतातली जाणकार म्हणावी अशी माणसे त्यांत थोडीच होती. कोणाचे ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याचे काम होते, कोणाचा दारूचा गुत्ता, कोणाचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराच्या लिलियन मॅकमरी यांची हकीकत मला या सर्वांत बोलकी वाटते. फॅरिश स्ट्रीटवर त्यांनी आणि त्यांच्या पतींनी एक जुने दुकान सामानासकट विकत घेतले. त्या सामानात न खपलेल्या तबकड्यांचा ढीग होता. आवराआवर करताना त्यांतली एक तबकडी लावली गेली आणि वायनोनी हॅरिस यांचा दणदणीत आवाज मॅकमरींच्या कानी पडला. गोऱ्या घरात वाढलेल्या या बाईंनी तोपर्यंत असे काही ऐकलेलेच नव्हते. त्यांनी प्रथम तबकड्या विकायला सुरुवात केली, मग १९५० मध्ये ट्रम्पेट ही कंपनी काढली आणि सनी बॉय विल्यमसन व एल्मोर जेम्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे बाजारात आणली. वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या गावात एका गोऱ्या स्त्रीने कृष्णवर्णीय कलावंतांशी बरोबरीने व्यवहार करणे हे सोपे काम नव्हते. कंपनी १९५५ मध्ये कर्जापायी बंद पडली, पण बाईंनी नाते तोडले नाही. सनी बॉय विल्यमसन यांच्या टटवायलरजवळच्या थडग्यावरील दगड १९७७ मध्ये त्यांनीच बसवून घेतला.

डेट्रॉइटमध्ये जॅक आणि डेव्होरा ब्राउन या दांपत्याने १९४६ मध्ये फॉर्च्युन कंपनी सुरू केली. डेव्होरा स्वतः गीते रचत. पुढे थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील साध्या इमारतीत दुकान, कचेरी आणि ध्वनिमुद्रणाची खोली असा सगळा संसार एकाच छपराखाली होता आणि त्या खोलीचा खडबडीत, किंचित कोंदट घुमारा फॉर्च्युनच्या प्रत्येक तबकडीत ऐकू येतो.

कृष्णवर्णीय मालकांची संख्याही, आज समजले जाते त्याहून, मोठी होती. ह्यूस्टनचे डॉन रोबी, लॉस एंजेलिसचे डूट्सी विल्यम्स, हार्लेमचे बॉबी रॉबिन्सन, इंडियाना राज्यातील गॅरी गावात १९५३ मध्ये व्ही-जे कंपनी काढणाऱ्या व्हिव्हियन कार्टर आणि त्यांचे पती जेम्स ब्रॅकन, तसेच ब्रॉन्क्समध्ये जे अँड एस कंपनी चालवणाऱ्या झेल सँडर्स ही नावे सहज आठवतात. न्यू ऑर्लिन्समध्ये तर १९६१ मध्ये हॅरॉल्ड बॅटिस्ट यांच्या पुढाकाराने वादकांनीच एएफओ नावाची कंपनी काढली, जिचा अर्थ 'एकासाठी सर्व' (ऑल फॉर वन) असा होता. बार्बरा जॉर्ज यांचे 'आय नो' हे त्यांचे गाणे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पण थोड्याच काळात गायिकेला वितरकाने आपल्याकडे वळवले आणि सहकाराचा तो प्रयोग मोडला.

गाणे श्रोत्यांपर्यंत पोहोचत कसे असे?

मालक मोटारीच्या डिकीत तबकड्यांची खोकी भरून गावोगाव हिंडत, दुकानदारांना आणि रेडिओवरील निवेदकांना भेटत. मोठ्या कंपन्यांकडे देशभर स्वतःच्या शाखा होत्या; लहान कंपन्यांना प्रत्येक प्रांतातील स्वतंत्र वितरकांच्या पाया पडावे लागे.

रेडिओने या व्यापाराला पंख दिले. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी केंद्राचे प्रक्षेपक ५०,००० वॉटचे होते आणि रात्री हवामान अनुकूल असले की ते अर्ध्या देशात ऐकू जाई. तेथे जॉन रिचबर्ग, जीन नोब्ल्स यांसारखे गोरे निवेदक रात्रभर कृष्णवर्णीयांचे संगीत वाजवत आणि मधूनमधून टपालाने तबकड्या विकणाऱ्या दुकानांच्या जाहिराती करत. त्यांतले एक दुकान अर्नी यंग यांचे होते आणि त्यांचीच एक्सेलो नावाची कंपनी होती. दुकानातून पाच-सहा तबकड्यांचा संच एकत्र विकला जाई, त्यात एक गाजलेले गाणे असे आणि बाकीची यंग यांच्या स्वतःच्या कंपनीची. लुईझियानातील क्राउली या छोट्या गावात जे. डी. मिलर यांनी ध्वनिमुद्रित केलेले स्लिम हार्पो, लेझी लेस्टर, लाइटनिन स्लिम यांचे संथ, ओलसर, दलदलीच्या मुलखातले ब्लूज देशाच्या कानाकोपऱ्यात गेले ते या मार्गाने. दूर खेड्यात राहणाऱ्या माणसाच्या दारी टपालाने गाणे पोहोचणे, ही या इतिहासातील फार सुंदर गोष्ट आहे.

गाणे गाजल्यावर कंपनीचे भले व्हायला हवे. मग इतक्या कंपन्या बुडाल्या कशा?

अनेकदा त्या गाणे गाजल्यामुळेच बुडाल्या. मागणी वाढली की मालकाला हजारो तबकड्या छापून घ्याव्या लागत आणि छापखान्याचे पैसे रोख किंवा थोड्या मुदतीत चुकवावे लागत. वितरक मात्र माल उधारीवर नेई, तीन-चार महिने पैसे अडकवून ठेवी आणि न खपलेला माल परत करण्याची मुभाही त्याच्याकडे असे. मालकाच्या हातात पुढचे गाजणारे गाणे असेल तरच वितरक मागची बाकी चुकती करी, कारण नवा माल हवा असे. एकच गाणे गाजलेल्या कंपनीला विचारतो कोण? वसुलीसाठी वकील लावायचा तर त्याची फी बाकीपेक्षा जास्त. म्हणूनच शहाणे मालक गाणे चालू लागले की ते मोठ्या कंपनीला भाड्याने देऊन मोकळे होत. जे अँड एसचे 'ओव्हर द माउंटन, अक्रॉस द सी' १९५७ मध्ये असेच चेसकडे गेले आणि फॉर्च्युनचे 'व्हिलेज ऑफ लव्ह' १९६२ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्‌सकडे. व्ही-जेसारखी, पाठोपाठ यश मिळवणारी कंपनीसुद्धा १९६६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

ही गाणी विसरली गेली, म्हणजे ती सामान्य दर्जाची होती का?

हा समज मनातून काढून टाकावा. ज्या यंत्रणेतून लोकप्रियता ठरत होती तिच्यात या गाण्यांना जागाच कमी होती.

गोऱ्या गायकांकडून तेच गाणे पुन्हा गाऊन घेण्याची पद्धत हे त्याचे ठळक कारण होते. १९५४ मध्ये कॉर्ड्‌स या कृष्णवर्णीय गटाने गायिलेले 'श-बूम' काही आठवड्यांत मर्क्युरी कंपनीने क्रू कट्स या गोऱ्या गटाकडून गाऊन घेतले आणि तीच आवृत्ती देशभर गाजली. डूट्सी विल्यम्स यांच्या डूटोन कंपनीने काढलेल्या पेंग्विन्सच्या 'अर्थ एंजल'लाही याच गटाच्या आवृत्तीशी सामना करावा लागला. तत्कालीन कायद्यात गीताला संरक्षण होते, ध्वनिमुद्रणाला नव्हते, त्यामुळे वाद्यमेळाची रचना आणि गाण्याची ढब जशीच्या तशी उचलली तरी मूळ कलावंताला दाद मागता येत नसे.

दुसरे कारण तबकडीच्या मागच्या बाजूचे. रेडिओवर 'ए' बाजू वाजे, 'बी' बाजूकडे कोणी वळत नसे. रिचर्ड बेरी यांचे 'लुई लुई' १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या फ्लिप कंपनीने काढले ते असेच मागच्या बाजूला. पश्चिम किनाऱ्यावर ते थोडेफार चालले आणि थांबले. १९६३ मध्ये किंग्समेन या गटाने ते गाऊन जगभर नेले, तोवर बेरी यांनी आपले हक्क ७५० डॉलरना विकून टाकले होते. सुदैवाने १९८० च्या दशकात त्यांना ते परत मिळाले. हँक बॅलर्ड यांचे 'द ट्विस्ट' किंग कंपनीने १९५९ मध्ये मागच्या बाजूलाच टाकले होते आणि पुढच्याच वर्षी चबी चेकर यांनी त्यावर सारे जग नाचवले.

आणखी एक कारण अभ्यासकांनाही अनेकदा चकवते. 'बिलबोर्ड'ने नोव्हेंबर १९६३ पासून जानेवारी १९६५ पर्यंत रिदम अँड ब्लूजची स्वतंत्र यादी छापणेच बंद ठेवले होते. या चौदा महिन्यांत कृष्णवर्णीय वस्त्यांत घराघरांत वाजलेली कितीतरी गाणी त्या साप्ताहिकाच्या लेखी घडलीच नाहीत, आणि नंतर याद्यांवरून इतिहास लिहिणाऱ्यांच्याही ती खिजगणतीत आली नाहीत.

गायकांना काय मिळत असे?

बहुतेकांना ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातावर ठेवलेली ठरावीक रक्कम. करारात खपावर एक-दोन टक्के लिहिलेले असत, पण त्यातून ध्वनिमुद्रणाचा खर्च, उचल, कधी कधी मोटारीचे हप्तेसुद्धा वळते केले जात आणि गायकाच्या नावावर बाकीच उरे.

खरा पैसा गीताच्या हक्कात होता. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक छापील प्रतीमागे गीताच्या मालकाला २ सेंट ठरवून दिले होते आणि हा दर १९७८ पर्यंत बदलला नाही. म्हणून तबकडीच्या लेबलावर गीतकाराच्या जागी कोणाचे नाव आहे ते नीट पाहावे. मॉडर्न कंपनीच्या बिहारी बंधूंनी (हे आडनाव आपल्याकडचे वाटले तरी कुटुंब हंगेरीतून आलेल्या ज्यूंचे होते) टाउब, जोसिया आणि लिंग अशी टोपणनावे घेऊन शेकडो गीतांत वाटा लावून घेतला. डॉन रोबी यांनी डेड्रिक मॅलोन या नावाने तेच केले. अ‍ॅलन टूसाँ या न्यू ऑर्लिन्सच्या गीतकारानेही नेओमी नेव्हिल हे टोपणनाव वापरले, पण ती गीते त्यांची स्वतःची होती आणि नाव त्यांच्या आईचे. टोपणनाव दिसले की लबाडी, असे सरसकट मानणे म्हणूनच योग्य नाही. निवेदकांचाही वाटा असे: चक बेरी यांच्या १९५५ च्या 'मेबलीन'वर अ‍ॅलन फ्रीड यांचे नाव सहगीतकार म्हणून छापले गेले, ते गाणे रेडिओवर वाजवण्याच्या मोबदल्यात.

या अन्यायाविरुद्ध सर्वांत चिकाटीने लढल्या त्या रूथ ब्राउन. अटलांटिक कंपनीला तिच्या पहिल्या दशकात तारून नेणाऱ्या या गायिकेवर नंतर घरकाम करून पोट भरण्याची वेळ आली होती. वकिलाच्या मदतीने त्यांनी हिशेब मागितला, आणि १९८८ मध्ये अटलांटिकने अनेक जुन्या कलावंतांच्या नावावरील बाक्या माफ करून मानधन द्यायला सुरुवात केली. त्याच लढ्यातून वृद्ध कलावंतांना मदत करणारे रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे राहिले.

अमेरिकेने विसरलेली गाणी इतर देशांत कशी जगली?

जमैकात ती जवळजवळ लोकसंगीत झाली. किंग्स्टनमध्ये मोठमोठे कर्णे लावून उघड्यावर नाच भरवणारे लोक अमेरिकेत मजुरीला जाणाऱ्यांकडून आणि खलाशांकडून तबकड्या मागवत. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचे नाव कळू नये म्हणून कॉक्ससन डॉड यांच्यासारखे आयोजक लेबल खरवडून टाकत. विलिस जॅक्सन यांची 'लेटर फॉर द गेटर' ही सॅक्सोफोनची रचना डॉड यांनी 'कॉक्ससन हॉप' नावाने वाजवली आणि तिचे खरे नाव शोधताना प्रतिस्पर्धी ड्यूक रीड यांच्या नाकी नऊ आले. मेम्फिसचे पियानोवादक रोस्को गॉर्डन यांच्या 'नो मोअर डॉगिन'मध्ये ठेक्याच्या मधल्या मात्रेवर पडणारा पियानोचा आघात ऐकावा. जमैकाच्या स्का संगीताची चाहूल त्यात लागते. स्वतः गॉर्डन मात्र पुढे न्यूयॉर्कमध्ये कपडे धुण्याचा व्यवसाय करत राहिले.

इंग्लंडच्या उत्तरेकडील कामगार वस्त्यांत १९६० च्या अखेरीपासून 'नॉर्दर्न सोल' नावाची चळवळ उभी राहिली. हे नाव डेव्ह गॉडिन यांनी दिले. विगन कसिनोत १९७३ ते १९८१ या काळात रात्रभर चालणाऱ्या नाचांना अमेरिकेत अजिबात न चाललेल्या तबकड्याच लागत. तेथेही दुर्मीळ तबकडीवर खोटे लेबल चिकटवण्याची चाल होती. ग्लोरिया जोन्स यांचे १९६५ चे, मागच्या बाजूला छापलेले 'टेंटेड लव्ह' या नाचघरांनीच वर काढले आणि म्हणून ते १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीपर्यंत पोहोचले आणि त्यांनी ते पुन्हा गायिले.

तबकडी हातात आल्यावर काय काय पाहावे?

लेबलावरील नाव, क्रमांक, गीतकार आणि प्रकाशक आधी टिपून घ्यावेत. मग तबकडी दिव्याखाली तिरपी धरून शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंतचा गुळगुळीत पट्टा पाहावा. तेथे हाताने कोरलेला किंवा ठशाने उमटवलेला क्रमांक असतो, आणि तो छापील लेबलापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो, कारण लेबल कोणीही बदलू शकतो. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात छापलेल्या तबकड्यांवर त्रिकोण आणि त्यापुढे कामाचा क्रमांक आढळतो. हे क्रमांक ओळीने वाढत गेल्यामुळे तबकडी कधी छापली गेली याचा बराच नेमका अंदाज येतो. मेम्फिसच्या प्लॅस्टिक प्रॉडक्ट्‌स कारखान्यातून निघालेल्या ४५ च्या जुन्या तबकड्यांच्या लेबलावर बोट फिरवले तर तीन लहान गोल खळगे लागतात. मेम्फिसच्याच सन या कंपनीच्या मूळ प्रती ओळखायची ही जुनी खूण आहे.

लेबल खोटेही बोलू शकते. ट्रम्पेटच्या 'डस्ट माय ब्रूम'वर गायकाचे नाव 'एल्मो जेम्स' असे छापले आहे. मागच्या बाजूलाही तेच नाव आहे, पण तेथे गातात बोबो थॉमस नावाचे वेगळेच गृहस्थ. एका माणसाचे उभ्या आयुष्यातले गाणे दुसऱ्याच्या नावावर राहिले. अशी नावे दुरुस्त करणे हे मला या छंदातील सर्वांत मोलाचे काम वाटते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आपल्याकडील तबकड्यांच्या याद्या आणि कलावंतांची चरित्रे जमवण्याचे जे काम केले, ते याच जातीचे आहे.

काही तबकड्यांची किंमत इतकी प्रचंड का असते?

मोजक्या प्रती उरल्या आहेत आणि त्यांच्यासाठी झुंजणारे संग्राहक श्रीमंत आहेत, एवढेच. डेट्रॉइटच्या मोटाउन या कंपनीच्या एका उपकंपनीने १९६५ मध्ये छापलेल्या फ्रँक विल्सन यांच्या तबकडीच्या बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. उरलेल्यांपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना आणि २०२० मध्ये १ लाख पौंडांना विकली गेली. किमतीचा गाण्याच्या गुणवत्तेशी संबंध नाही. लाखोंनी छापल्यामुळे कवडीमोलाने मिळणाऱ्या तबकड्यांत उत्तमोत्तम गाणी आहेत आणि नवख्याने तेथूनच सुरुवात करावी.

या गाण्यांवर आज हक्क कोणाचा?

अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण नव्हते. २०१८ च्या कायद्याने ते दिले. त्यानुसार १९४७ ते १९५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना ११० वर्षे आणि त्यानंतरच्यांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे. युरोपीय संघात १९६३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे मुक्त झाली आहेत, त्यामुळे तेथून स्वस्त संच भराभर निघतात. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे आणि गीताचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण मुक्त झाले तरी गीत मुक्त झाले असे होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मला एवढेच वाटते की, पर्याय असेल तेथे वारसांना मानधन देणाऱ्या आणि मूळ ध्वनिफितींवरून काम करणाऱ्या कंपन्यांचे संच घ्यावेत. इंग्लंडची एस, जर्मनीची बेअर फॅमिली आणि शिकागोची न्यूमेरो ग्रुप यांच्या संचांसोबतच्या पुस्तिका म्हणजे एकेका गावाचा इतिहास असतो.

मूळ ध्वनिफिती कुठे आहेत?

बऱ्याच नाहीतच. कंपनी बंद पडली की फिती तळघरात भिजत पडत, पुसून पुन्हा वापरल्या जात किंवा भंगारात जात. मोठ्या कंपनीने विकत घेतलेल्या फितींनाही अभय नव्हते. जून २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओला लागलेल्या आगीत चेसच्या फितीही जळाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, जरी नुकसान किती यावर कंपनीने वाद घातला. अनेक गाण्यांच्या बाबतीत कोणाच्या तरी घरी उरलेली झिजकी तबकडी हीच आता मूळ प्रत आहे.

कुठून ऐकायला सुरुवात करावी?

नोलन स्ट्राँग आणि डायब्लोज यांच्या 'द विंड'पासून. फॉर्च्युनने हे गाणे १९५४ मध्ये काढले. सुरुवातीला गट वाऱ्यासारखा मंद सूर धरतो, मग स्ट्राँग यांचा उंच, थरथरता, जवळजवळ स्त्रीकंठी आवाज येतो आणि मध्येच गाणे थांबवून ते काही ओळी नुसत्या बोलतात. मोटाउनचे गायक स्मोकी रॉबिन्सन यांनी या आवाजाचे ऋण मान्य केलेले आहे. त्यानंतर आर्थर गंटर यांचे 'बेबी, लेट्स प्ले हाउस' ऐकावे, जे एल्विस प्रेस्ली यांनी १९५५ मध्ये उचलले. लेझी लेस्टर यांचे 'आय अ‍ॅम अ लव्हर नॉट अ फायटर' आणि बेनी स्पेलमन यांचे 'फॉर्च्युन टेलर' ही दोन मागच्या बाजूची गाणीही चुकवू नयेत. यांतली बहुतेक गाणी आता इंटरनेटवर सापडतात.

लाखेची तबकडी घरी असेल तर ती कशी जपावी?

उभी ठेवावी, उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून कागदी पाकिटे दर वर्षी बदलावीत. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवावे आणि लगेच पुसून सावलीत वाळवावी. ७८ च्या रुंद खाचेला साधारण ३ मिलची (म्हणजे इंचाच्या तीन हजारांश टोकाची) सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. ४५ च्या तबकड्यांपैकी ज्या पॉलिस्टायरीनच्या असतात त्या व्हिनाइलपेक्षा लवकर झिजतात, म्हणून त्यांच्यावर झिजलेली सुई कधीही टेकवू नये, आणि दुर्मीळ प्रत असेल तर पहिल्याच वादनात तिचे ध्वनिमुद्रण करून घ्यावे.